‘गहियल्ले’ आणि ‘घेतले’

मराठीच्या प्राचीनतेचा विषय निघाला की उद्योतनसूरीच्या ‘कुवलयमाले’चा दाखला हमखास दिला जातो. इ.स. 779 मध्ये पूर्ण झालेल्या या प्राकृत कथाग्रंथात बाजारपेठेत जमलेल्या निरनिराळ्या प्रदेशांच्या व्यापाऱ्यांची बोली टिपली आहे. त्यातील मरहट्ट्यांच्या तोंडी ‘दिण्णल्ले, गहियल्ले’ हे शब्द येतात. ‘दिले, घेतले’ असा अर्थ सांगून आपण पुढे जातो. अर्थ बरोबरच आहे. परंतु ‘गहियल्ले’चे ‘घेतले’ कोणत्याही ध्वनिनियमाने होत नाही, हे सहसा कोणी बोलत नाही.

‘गहिय’ हे ‘गृहीत’चे प्राकृत रूप. ‘घेतले’ची वाट निराळी. ग्रह् धातूला क्त्वा, तुमुन् आणि तव्य या प्रत्ययांपूर्वी ‘घेत्’ असा आदेश होतो, असे वररुची सांगतो आणि बाराव्या शतकात हेमचंद्रही सांगतो: घेत्तूण, घेत्तुं, घेत्तव्वं. कर्मणीत ‘घेप्पइ’. आदेश म्हटले की वैयाकरणाचे काम भागते; इतिहासाचे भागत नाही. ‘ह’च्या जागी हा ‘प्प’ आला कोठून? ऋग्वेदात या धातूचे जुने रूप ‘गृभ्’ असे आहे, ‘गृभ्णाति’. अभिजात संस्कृतात त्यातल्या ‘भ’चा ‘ह’ झाला. बोलींनी ओष्ठ्य वर्ण सोडला नाही. पिशेलने 1900 साली प्रसिद्ध केलेल्या प्राकृत व्याकरणात ‘घेप्पइ’मागे ‘घृप्यते’ असे रूप कल्पिले आहे. त्याच धर्तीवर ‘घृप्त’ मानले तर ‘घेत्त’ सहज साधते. संस्कृत शब्द ‘बिघडून’ मराठी शब्द झाला, ही समजूत निदान येथे तरी सोडावी लागते.

‘घेप्पइ’चा वारस ज्ञानेश्वरीत ‘घेपे’ या रूपात भेटतो. पुढे तो लोपला. उरलेल्या ‘घे’ला कर्तरी अर्थ मिळण्यात ‘दे’च्या सोबतीचा हात असावा. देणे-घेणे ही जोडी आपण अजूनही मोडत नाही. हिंदी-गुजरातीने मात्र ‘लेना’, ‘लेवुं’ हा मार्ग धरला; कोकणी ‘घेवप’ आपल्या बाजूला राहिली.

मग उद्योतनाने ‘गहियल्ले’ का लिहिले? तो महाराष्ट्रापासून दूर, जालोरात लिहीत होता. ‘ल्ल’ हा मराठी कानाला पडणारा प्रत्यय त्याने अचूक पकडला. त्याआधीचे ‘गहिय’ त्याच्या स्वतःच्या साहित्यिक प्राकृतातले असावे, असे मला वाटते. तेव्हा त्या ओळीचा पुरावा प्रत्ययापुरता घ्यावा, धातूसाठी ‘घेत्तूण’कडे जावे.