रोम शहराचें सार्वजनिक पाणी व खासगी नळांच्या सनदा

मोठ्या इमारतींत आग लागतांच आपोआप पाणी शिंपडणारे नळ बसविण्याची चाल आतां रूढ झाली आहे. असे नळ शहराच्या सार्वजनिक पाण्यास जोडावयाचे, तर बहुधा पाणीखात्याची परवानगी लागते; जोडनळीचा व्यास, तिच्यावरील झडपा व जोडणी करणारा कारागीर हीं सर्व नियमांनीं बांधलेलीं असतात. हे नियम केवळ यंत्रयुगाचें अपत्य होत, असा समज होण्याचा संभव आहे. परंतु सार्वजनिक पाण्यास खासगी नळ कोणीं, केवढा व कोणाच्या हुकुमानें जोडावा, याची तपशीलवार व्यवस्था रोम शहरांत पहिल्या शतकांतच लागलेली होती. व ती मोडल्यानें आगीच्या प्रसंगीं काय होतें, याचाही अनुभव त्या शहरानें घेतला होता. या व्यवस्थेचें मुख्य साधन जो ग्रंथ, त्याची परंपरा एका पोथीवर येऊन ठेपते. सबब दोहोंचा विचार येथें एकत्र करितों.

ग्रंथ व पोथी.— सेक्स्टस जूलियस फ्राँटिनस यानें पूर्वीं ब्रिटन प्रांताची सुभेदारी केलेली होती. इ. स. ९७ मध्यें सम्राट नर्व्हा यानें त्यास रोमच्या पाणीखात्याचा मुख्य अधिकारी नेमिलें. तेव्हां शहरास नऊ कालव्यांचें पाणी येत असे. पैकीं सर्वांत जुना आपिया हा इ. स. पूर्व ३१२ मधील. हाताखालच्या लोकांच्या तोंडाकडे पाहून कारभार करणें फ्राँटिनसास लाजिरवाणें वाटे. म्हणून त्यानें जुनें दप्तर वाचिलें, कालवे स्वतः पाहिले व आपल्या उपयोगासाठीं टिपण लिहिलें. तेंच टिपण हा ग्रंथ. त्याची पोथी पोज्जो ब्राच्चोलिनी यास १४२९ मध्यें इटलींतील मोंते कासिनोच्या मठांत सांपडली. ती बाराव्या शतकांतील असून मठाचा ग्रंथपाल पेत्रुस डायाकोनुस याच्या हातची आहे. इतर उपलब्ध प्रती हिच्यावरूनच उतरल्या, असें अलीकडील संशोधकांचें मत आहे. १५ फेब्रुवारी १९४४ रोजीं बाँबवर्षावानें मठ जमीनदोस्त झाला. परंतु तेथील हस्तलिखितें १९४३ मध्येंच हलविलीं होतीं, म्हणून वांचलीं.

सनदेचे नियम.— प्राचीन रिवाजाप्रमाणें सर्व पाणी सार्वजनिक वापराचें असे. हौदांवरून सांडणारें पाणी मात्र स्नानगृहें व कपडे धुणारे यांस पट्टी घेऊन देत. पुढें बादशाही अमलांत पाण्याचें दान सम्राटाच्या हातीं गेलें. फ्राँटिनसाच्या वेळचे मुख्य नियम असे :

१. सम्राटाच्या पत्रावांचून कोणीही पाणी घेऊं नये. पत्र मिळाल्यावर अर्जदारानें तें पाणीखात्याच्या अधिकाऱ्याकडे न्यावें.

२. नळ कालव्यास जोडूं नये. वांटपाच्या हौदासच जोडावा.

३. हौदाच्या भिंतींत बसवावयाची आंखूड नळी, जिला कॅलिक्स म्हणत, ती कांशाची व निदान १२ अंगुळें लांबीची असावी. शिसें वांकवितां व रुंदावितां येतें. कांसें तसें सहज वांकत नाहीं. तिजवर सरकारी शिक्का पाहिजे.

४. कॅलिक्सपुढील नळ ५० रोमन फूटपर्यंत त्याच व्यासाचा असावा. कारण लगेच मोठा नळ लाविल्यास पाणी मापाबाहेर ओढलें जातें.

५. सनद वंशपरंपरेची नव्हे. ती वारसास, खरेदीदारास किंवा जमिनीच्या नव्या मालकास पोंचत नाहीं. हक्क सरला कीं दप्तरांत नोंद होऊन पाणी खालसा होई. मात्र शेतमळे एकाएकीं कोरडे पडूं नयेत म्हणून ३० दिवसांची मुदत देत.

इ. स. पूर्व ९ च्या क्विंक्टियस कायद्यानें जाणूनबुजून कालवा किंवा नळ फोडणारास १,००,००० सेस्टर्शियस दंड सांगितला होता.

दप्तर व लबाडी.— फ्राँटिनसानें हिशेब मांडला तेव्हां दप्तरांत आवक १२,७५५ क्विनारिया व वांटप १४,०१८ क्विनारिया निघालें. क्विनारिया म्हणजे सव्वा अंगुळ व्यासाच्या नळाचें माप. आवकेपेक्षां खर्च १,२६३ नें अधिक! त्यानें उगमाशीं जाऊन मोजलें, तों आवक दप्तराहून सुमारें १०,००० नें जास्त भरली. मधलें पाणी कोठें गेलें, याचा त्यानें छडा लाविला. कांहीं कॅलिक्स सनदेहून मोठे, कांहींवर शिक्काच नाहीं. जागा नव्या मालकाकडे गेली कीं पाणके हौदास नवें भोंक पाडीत व जुनें तसेंच ठेवून त्याचें पाणी विकीत. रस्त्यांच्या फरसबंदीखालून चोरनळ जागोजाग गेलेले होते. ते उपटल्यावर निघालेलें शिसेंही थोडेंथोडकें नव्हतें.

आगीचा संबंध.— जुलै ६४ मधील प्रचंड आगींत शहराच्या १४ पेठांपैकीं चारच शाबूत राहिल्या. सन ६ मध्यें ऑगस्टसानें आगीसाठीं उभारलेल्या पहारेकऱ्यांच्या सात पलटणी त्या वेळीं होत्याच. आगीनंतर नीरोनें कोणते उपाय योजिले, हें टॅसिटसानें नमूद केलें आहे : खासगी लोकांनीं मन मानेल तसें अडविलेलें पाणी सार्वजनिक उपयोगास अधिक ठिकाणीं मिळावें म्हणून पहारे बसविले, व आग विझविण्याचीं साधनें प्रत्येकानें मोकळ्या जागीं ठेवावीं असें ठरविलें. म्हणजे चोरनळ हा केवळ महसुलाचा प्रश्न नव्हता. तरीही ३३ वर्षांनीं फ्राँटिनसास तीच चोरी आढळली. यावरून नुसता पहारा पुरत नाहीं, हें उघड आहे. पाणीखात्याचे ७०० गुलाम होते. पैकीं कांहीं शहरांतील हौदांवर अशासाठीं ठेवीत कीं, अकस्मात् संकट आल्यास अनेक पेठांचें पाणी एका पेठेकडे वळवितां यावें. पण वळवावयास हौदांत पाणी हवें. तें तेथें राहावें म्हणून शिक्का, माप व नोंद हीं तिन्ही लागतात. परवान्याचा कांटेकोरपणा जुलमी वाटतो तो आग लागेपर्यंतच.

आमच्या वाचकांस, विशेषतः पोथ्या व कागद जमविणारांस, यांतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. फ्राँटिनसाचें लिखाण काव्य नव्हे, बखर नव्हे. तो नळांच्या मापांचा व चोऱ्यांचा कारकुनी हिशेब आहे. एका ग्रंथपालानें तो उतरून ठेविला नसता, तर जमिनींतून निघणारे नांवें कोरलेले शिशाचे नळ आपल्या हातीं असते, पण कोणत्या हक्कानें ते बसविले हें सांगावयास कोणी उरलें नसतें. दप्तरांचे रुमाल सोडतांना पाट, नळ, हौद यांचे ताळेबंद क्षुल्लक म्हणून बाजूस टाकण्यापूर्वीं याचें स्मरण ठेवावें, इतकीच विनंती.