बालाटन सरोवर : ऋतुमान, पाण्याचे तापमान व पोहण्याची स्थिती

पश्चिम हंगेरीतील, मध्य यूरोपातील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर. क्षेत्रफळ सु. ५९४ चौ. किमी., लांबी ७७ किमी., समुद्रसपाटीपासून उंची सु. १०४ मी. पश्चिम टोकाला झाला नदी येऊन मिळते. जादा पाणी शिओफोक येथील दरवाजांतून शिओ कालव्यावाटे डॅन्यूबकडे सोडतात. तिहानी द्वीपकल्प मधोमध आत घुसल्याने तेथे रुंदी अवघी दीड किमी. उरते. हंगेरीला समुद्र नाही. त्यामुळे उन्हाळी सुटी म्हटले की देशातील अनेक घरे बालाटनचेच नाव घेतात.

सरोवराचा सारा स्वभाव त्याच्या उथळपणात आहे. एवढ्या अफाट पसाऱ्याची सरासरी खोली जेमतेम ३.२ मी.; तिहानीच्या सामुद्रधुनीतील एक डोह तेवढा सु. १२ मी. खोल. परातीत ओतलेले पाणी जसे चटकन तापते आणि चटकन निवते, तसेच येथे घडते. आल्प्समधल्या खोल सरोवरांत उन्हाळ्यात वर ऊबदार आणि खाली गार असे पाण्याचे थर महिनोन्‌महिने टिकतात. बालाटनमध्ये जरा जोराचा वारा सुटला की तळापर्यंत सगळे ढवळून निघते. म्हणून सूर मारणाऱ्याला खाली अचानक बर्फगार पाणी लागत नाही. उलट, एक थंड वारा येऊन गेला की सबंध सरोवराचे तापमान एक-दोन दिवसांत तीन-चार अंशांनी उतरते. कालच्या पाण्याच्या भरवशावर आज निघू नये, ते यासाठी.

मेमध्ये पाणी साधारण १६° ते १८° से. असते, तेव्हा पाण्यात उतरणारे बहुतेक स्थानिक आणि हट्टी. जूनमध्ये ते २०° च्या वर जाते. जुलै-ऑगस्टमध्ये २३° ते २५° नेहमीचे, आणि उष्णतेची लाट असेल तर दुपारी काठाजवळ २७°–२८° सुद्धा. सप्टेंबरच्या आरंभी पाणी २० अंशांच्या आसपास टिकून असते. मात्र रात्री गार होत असल्याने महिनाअखेर ते झपाट्याने निवते. ऑक्टोबरमध्ये पोहणे हा छंद न राहता व्रत होते.

दोन काठांचे पाणी एक असले तरी पोहणे एक नाही. दक्षिण काठावर, शिओफोकपासून झामार्दीकडे, तळ वाळूचा आणि उतार इतका मंद की गुडघाभर पाण्यातून कमरेएवढ्यात जायला शेकडो मीटर चालावे लागते. मधेच खोलगट पट्टा लागतो आणि पुढे पुन्हा वाळूचा उंचवटा. लहान मुलांना याहून सोयीची जागा नाही. हात मारून पोहायची सवय असलेला मात्र येथे वैतागतो. उत्तर काठ बालाटनफ्युरेड, बादाचोनी या बाजूचा. मागे टेकड्या, द्राक्षमळे, काठाला दगडी बांध. लोखंडी कठडा धरून पायऱ्या उतरल्या की थोड्याच अंतरात पाणी गळ्याशी येते. बहुतेक स्नानस्थळी वाळू नाही, हिरवळ आहे. लोक झाडाखाली चादर टाकून बसतात, लांगोश नावाची तळलेली पोळी खातात. दगडांना चिकटलेल्या शिंपल्यांची धार पायाला लागते, तेव्हा रबरी चपला घालूनच उतरावे.

पाणी फिकट हिरवे, दुधी दिसते. त्यात चुनखडीचे बारीक कण तरंगत असतात. हा रंग प्रदूषणाचा नव्हे, पण त्यामुळे पाण्यात हातभर खालचेही नीट दिसत नाही. बुडणारा माणूस वरून दिसणार नाही, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. प्रदूषणाची खरी गोष्ट पश्चिम टोकाची. झालाबरोबर येणाऱ्या खतांमुळे व सांडपाण्यामुळे १९७०–८० च्या दशकांत केस्तहेईच्या उपसागरात शेवाळाचा उपद्रव वाढला. पूर्वी निचरा करून आटवलेली किश-बालाटनची दलदल नदीचे पाणी गाळण्यासाठी १९८५ पासून टप्प्याटप्प्याने पुन्हा भरण्यात आली. पाण्याची प्रत सुधारली. तरी २०१९ च्या उन्हाळ्याअखेर पश्चिमेकडे शेवाळ पुन्हा मोठ्या प्रमाणात फुलले.

खरा धोका वाऱ्याचा. बाकोनी डोंगरावरून उतरणारा वायव्येचा वारा थोड्या वेळात या उथळ पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठवतो. पाणी दक्षिण काठाकडे लोटले जाते आणि उत्तर काठावर पातळी खाली जाते. हवेच्या गादीवर लोळत असलेला माणूस पाहता पाहता आत ओढला जातो. यावर हंगेरीने १९३४ पासून वादळसूचनेची व्यवस्था चालवली आहे. शिओफोकची वेधशाळा १९५६ ची. १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर या काळात काठावरचे दिवे लुकलुकून इशारा देतात, आणि पश्चिम, मध्य व पूर्व या तीन भागांना तो वेगवेगळा दिला जातो. मिनिटाला ४५ वेळा लुकलुकणे म्हणजे ताशी ४० किमी.हून अधिक वाऱ्याची शक्यता. तेव्हा काठापासून ५०० मी.च्या आतच पोहता येते. मिनिटाला ९० म्हणजे ६० किमी.च्या पुढे, तेव्हा सर्वांनी बाहेर. आकाश निळे असतानाही दिवा लागतो, आणि नवखे प्रवासी नेमके तेव्हाच त्याच्याकडे काणाडोळा करतात.

रेव्हफ्युल्योप ते बालाटनबोग्लार ही ५.२ किमी.ची सामूहिक पोहणी १९७९ पासून होते. नांगरलेल्या होड्यांच्या रांगेतून हजारो लोक सरोवर पार करतात. वारा अनुकूल नसेल तर आयोजक सरळ तारीख पुढे ढकलतात. सामान्यांना इंधनावर चालणाऱ्या मोटारबोटींची बंदी असल्याने एरवीही पोहणाऱ्याच्या वाटेत शिडाच्या व विजेच्या होड्याच येतात.

कडक हिवाळ्यात सरोवर गोठते व बर्फ २०–३० सेंमी. जाड होतो, अलीकडच्या सौम्य हिवाळ्यांत मात्र कित्येकदा पूर्ण गोठत नाही. बर्फावर ‘लाकडी कुत्रा’ नावाची घसरगाडी चालवतात : स्वार फळीवर बसतो आणि लोखंडी टोकाच्या दोन काठ्यांनी स्वतःला रेटतो. बर्फ तडकताना तोफेसारखा आवाज होतो.

बालाटनफ्युरेड हे आंबट खनिजपाण्याच्या झऱ्यांचे व हृदयरोगोपचारांचे जुने ठिकाण. १९२६ मध्ये रवींद्रनाथ टागोर येथे उपचारासाठी राहिले व त्यांनी लिंडेनचे झाड लावले. काठावरच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. पश्चिमेस केस्तहेईजवळ हेव्हीझ हे सु. ४.४ हेक्टरांचे उष्णोदकाचे स्वतंत्र सरोवर आहे. त्याचे पाणी उन्हाळ्यात ३३°–३५° आणि ऐन हिवाळ्यातही २२° च्या आसपास राहते. त्यात फुलणारी तांबडी कुमुदे मूळची भारतातील, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे लावलेली.

मुलांना घेऊन जायचे तर जुलै आणि दक्षिण काठ. लांब पोहायचे तर उत्तर काठ आणि सप्टेंबरचा पहिला आठवडा : शाळा सुरू झाल्याने गर्दी ओसरलेली असते आणि पाणी अजून उबदार असते.