वऱ्हाडचे युवराज

हुसेनसागराच्या उत्तरेस इंग्रजी फौजेची जी छावणी वसली, तिला १८०६ मध्ये तत्कालीन निजाम सिकंदर जाह याचे नाव मिळाले व तिचे सिकंदराबाद झाले. हा सिकंदर जाह गादीचा पहिला हक्कदार नव्हता. खर्ड्याच्या रणात १७९५ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी निजाम अलीचा पराभव केला, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत त्याचा थोरला पुत्र अली जाह याने बिदरचा आश्रय घेऊन पित्याविरुद्ध बंड उभारले. फ्रेंच सरदार रेमंड याच्या पलटणींनी ते मोडले. अली जाह कैदेत मरण पावला; त्याने विष घेतले असे सांगतात. थोरला असा गेला, म्हणून १८०३ मध्ये गादी धाकट्याकडे आली.

आसफजाही घराण्यास हा प्रकार नवा नव्हता. मूळ पुरुष निजाम-उल्-मुल्क १७४८ मध्ये वारला, तेव्हा पुत्र नासिर जंग व दौहित्र मुजफ्फर जंग यांच्यात झगडा लागून तीन वर्षांच्या आत दोघेही मारले गेले. पुढे फ्रेंचांनी बसविलेल्या सलाबत जंगास १७६२ मध्ये त्याचाच भाऊ निजाम अली याने पदच्युत केले.

हा केवळ पौर्वात्य दरबारांचा दोष, असे मानण्याची एक रूढी आमच्या पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ होती. ती आम्हांस मान्य नाही. स्वीडनमध्ये गुस्ताव वासा याने १५४४ मध्ये राजपद वंशपरंपरागत करून घेतले आणि धाकट्या पुत्रांस मोठमोठे प्रांत तोडून दिले. परिणाम व्हावयाचा तोच झाला. फिनलंडचा ड्यूक योहान यास थोरल्या एरिकने १५६३ मध्ये कैद केले. पाच वर्षांनी योहान व कार्ल या दोघा भावांनी एरिकलाच पदच्युत केले. आणि शतक संपता संपता कार्लने योहानच्या मुलाचेही राज्य घेतले. राजपुत्राच्या हाती प्रांत, प्रांतात महसूल आणि महसुलावर फौज असली, म्हणजे बंधुभाव किती टिकतो हे स्टॉकहोमला काय नि हैदराबादेस काय, सारखेच दिसते.

स्वीडनने यातून काढलेला मार्ग आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तिसऱ्या गुस्तावने १७७२ मध्ये राजपुत्रांस प्रांतांच्या पदव्या देण्याची चाल पुन्हा सुरू केली, परंतु नावापुरती. प्रांताचा कारभार सरकारकडेच राहिला. ती चाल आजही चालू आहे. वारसाचा निर्णयही हळूहळू राजाच्या मर्जीतून कायद्यात गेला. १८१० मध्ये औरस वारस नव्हता, तेव्हा तेथील प्रतिनिधिसभेने बर्नादोत या फ्रेंच सेनापतीस युवराज निवडले. १९७९ च्या मे महिन्यात जन्मलेला राजपुत्र कार्ल फिलिप जन्मतःच युवराज होता. परंतु पहिले अपत्य तेच वारस, मग ते कन्या असो वा पुत्र, असा नवा नियम १ जानेवारी १९८० पासून अमलात आला आणि युवराजपद थोरली बहीण व्हिक्टोरिया हिच्याकडे गेले. पित्याला हे रुचले नव्हते. तथापि कायदा पार्लमेंटचा होता.

आता वऱ्हाडाकडे येऊ. कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी डलहौसीच्या काळी, १८५३ मध्ये, अमरावती-अकोल्याकडचा हा कसदार कापूसमुलूख निजामाच्या हातून गेला. १९०२ मध्ये कर्झनने तो वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या कायम भाडेपट्ट्याने घेतला. मीर उस्मान अली खान यांनी १९२३ मध्ये तो परत मागितला. तेव्हा १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगने सार्वभौम सत्तेपुढे संस्थानिकाची पायरी कोणती, हे कठोर शब्दांत कळविले. दहा वर्षांनी, १९३६ च्या करारात, तडजोड निघाली ती अशी : कारभार मध्यप्रांताबरोबरच चालावा, निजामाने स्वतःस हैदराबाद व वऱ्हाडचे अधिपती म्हणवावे, आणि त्यांच्या वारसास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणावे.

अशा रीतीने आझम जाह हे वऱ्हाडचे युवराज झाले. स्वीडनच्या ड्यूकाप्रमाणेच प्रांतावाचून पदवी. परंतु तेथे ती रिकामी केली स्वतःच्या राज्याने, यादवी टाळण्यासाठी. येथे ती रिकामीच दिली परक्या सत्तेने, मागणी मिटविण्यासाठी. वऱ्हाडातील शेतकऱ्यास हा युवराज विचारून दिला नव्हता, हेही आम्ही नमूद करतो. आझम जाह संस्थानच्या फौजेचे नामधारी सरसेनापतीही होते. तुर्कस्तानच्या पदच्युत खलिफांची कन्या दुर्रुशेहवार हिच्याशी त्यांचा विवाह १९३१ मध्ये फ्रान्समधील नीस येथे झाला. या विदुषी राजस्नुषेचे नाव शहरातील एका रुग्णालयाने राखले आहे, आणि धाकटे राजपुत्र मोअज्जम जाह यांचे नाव बाजारपेठेने. आझम जाहांच्या नावाची वरंगळची कापडगिरणी मात्र बंद पडली.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा व वऱ्हाड, एका निजामी राज्यातून शंभर वर्षांपूर्वी फुटलेले दोन मराठी मुलूख, एकाच दिवशी मुंबई राज्यात आले. तरीही आझम जाहांस लोक ‘प्रिन्स ऑफ बेरार’च म्हणत. पित्याने मात्र त्यांना वगळून नातू मुकर्रम जाह यास वारस नेमले. कर्जे व उधळेपणा हे त्याचे कारण सर्वत्र सांगितले जाते. तीस वर्षे पदवी होती आणि काम नव्हते, याचा विचार त्यात कोणी करीत नाही. आमच्या मते तो करावयास हवा. फेब्रुवारी १९६७ मध्ये उस्मान अली वारले, भारत सरकारने मुकर्रम जाह यांस मान्यता दिली, आणि साठ वर्षांच्या युवराजाने स्वतःच्या मुलास त्या जागी पाहिले. १९७० मध्ये आझम जाह निवर्तले.

पुढच्याच वर्षी सव्विसाव्या घटनादुरुस्तीने ही मान्यता व तनखे दोन्ही संपली. मुकर्रम जाह पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढपाळीच्या विस्तीर्ण कुरणावर व नंतर तुर्कस्तानात राहिले. जानेवारी २०२३ मध्ये ते इस्तंबूल येथे वारले व त्यांचे दफन हैदराबादच्या मक्का मशिदीत झाले.