मैदानाभोवतीची गर्दी आणि हवामान

खेळ पाहायला किती माणसे जमतील, हे कशावर ठरते? खेळाडूंच्या नावावर, तिकिटाच्या दरावर आणि अर्थातच हवेवर. अमेरिकेतील लहान शहरांत बेसबॉलचे व्यावसायिक सामने होतात. मोठ्या संघांच्या खालच्या पायरीवरील या स्पर्धांना ‘मायनर लीग’ म्हणतात. त्यांचा हंगाम एप्रिलच्या सुरुवातीस उघडतो. उत्तरेकडील राज्यांत तेव्हा वसंत ऋतू नावापुरताच असतो. बोचरा वारा वाहतो, कधी बर्फही पडते, आणि बाके रिकामी राहतात. जून-जुलैत हवा उबदार होते व गर्दी वाढते.

यामागे साधे शरीरशास्त्र आहे. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर साधारण १०० वॅट इतकी उष्णता निर्माण करते. धावणाऱ्याचे त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे खेळाडूला सोसणारी थंडी तीन तास बाकावर बसलेल्या प्रेक्षकाला सोसत नाही.

पण एवढ्यावर थांबलो, तर निष्कर्ष घाईचा ठरेल. अमेरिकेत जूनमध्ये शाळांनाही उन्हाळी सुटी लागते. मग गर्दी वाढली ती उबेमुळे की सुटीमुळे? दोन गोष्टी एकाच वेळी बदलतात, तेव्हा परिणामाचे श्रेय कोणा एकीला देता येत नाही. विज्ञानात ही अडचण पावलोपावली भेटते.

हाच प्रश्न आता आपल्या मातीत आणून पाहू. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई हे गाव आहे. तेथील मिरचीचा बाजार प्रसिद्ध आहे. या भागात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरात पडतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांवर जातो. प्रेक्षकाच्या शरीराचाच विचार केला, तर खेळ भरवायला डिसेंबर-जानेवारी उत्तम. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील असंख्य गावांच्या जत्रा आणि त्यांतील कुस्त्यांच्या दंगली होतात त्या चैत्र-वैशाखात, ऐन उन्हात! आणि माणसे लोटतात. लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्तीपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत आखाड्याभोवतीचे कडे मोडत नाही.

याचा उलगडा थर्मामीटरमध्ये नाही, तो शेताच्या बांधावर आहे. चैत्रापर्यंत रब्बीची ज्वारी, गहू, हरभरा घरात आलेला असतो. हातात थोडा पैसा असतो. खरिपाच्या पेरणीला अवकाश असतो. मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेली कुटुंबेही मार्च-एप्रिलमध्ये परतू लागतात. शिवाय आभाळ बहुधा कोरडे. म्हणजे हवामान गर्दीवर दोन वाटांनी काम करते. एक वाट सरळ: आज ऊन आहे, पाऊस आहे, गारठा आहे. दुसरी वाट वळणाची: पाऊस पिकांचे वेळापत्रक ठरवतो, पिके माणसांची सवड ठरवतात आणि सवड जत्रेची तिथी ठरवते. ही दुसरी वाट पहिलीपेक्षा बलवान असू शकते.

उरलेला उन्हाचा प्रश्न लोकांनी वेळ बदलून सोडवला. दंगल दुपार कलल्यावर सुरू होते आणि दिवस मावळेपर्यंत चालते. अनेक जत्रा पौर्णिमेच्या आसपास असतात. कोल्हापूरजवळच्या जोतिबाची मोठी यात्रा चैत्र पौर्णिमेलाच भरते. वीज नव्हती तेव्हा रात्री घरी परतणाऱ्यांना चांदण्याचा मोठाच उपयोग होत असणार. अमेरिकेत मायनर लीगच्या संघांनी १९३० साली विजेच्या दिव्यांखाली सामने सुरू केले. मंदीचा काळ होता आणि दिवसभर कामावर असलेला प्रेक्षक संध्याकाळीच मोकळा होई. साधने निराळी, पण खटपट एकच: लोकांची सवड शोधणे.

याची उलटी बाजूही पाहण्याजोगी आहे. मुंबईत १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग ही क्रिकेट स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यात ठेवली गेली. ओल्या, लहरी खेळपट्टीवर फलंदाजाची परीक्षा व्हावी, हा त्यातला लाभ. तिकीटविक्रीवर जगायचे नसेल, तर खेळ हवामानाशी असा सलगीने वागू शकतो.

मात्र वळणाची वाट कधी फार लांबून येते. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे देशात मोसमी पाऊस कमी पडला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्यास सांगितले आणि अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळूरला झाला. सामन्याच्या दिवसाच्या हवेशी याचा काही संबंध नव्हता. न पडलेल्या पावसाने मैदान रिकामे केले होते.

मोठ्या स्पर्धांना दुसरे मैदान मिळते, प्रायोजकही मिळतात. ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांत जालना जिल्ह्यातील तालुकेही होते. तरी त्याच डिसेंबरात जालन्यात महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि बाला रफिक शेखने गदा जिंकली. गावच्या दंगलीला असा आधार नसतो. तिचे इनाम वर्गणीतून उभे राहते आणि वर्गणी पिकातून. पीक गेले की इनाम घटते, आणि त्यावर खुराक भागवणारा तालमीतला होतकरू मल्ल अडचणीत येतो.

आता तर पंचांगाचा तो जुना हिशेबही डळमळू लागला आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागात गारपीट झाली आणि हाताशी आलेली रब्बी आडवी झाली. ‘चैत्रात धान्य घरात असते’ या भरवशावर जत्रेची तिथी बेतलेली असेल, तर अशा वर्षी तिथी तीच राहते, भरवसा मात्र राहत नाही.

हा विषय वर्गात सहज घेता येईल. शाळेचा हजेरीपट आणि रोजच्या तापमानाची नोंद मुलांसमोर ठेवा. कोणत्या दिवशी हजेरी घटली? त्या दिवशी पाऊस होता, की आठवडी बाजार? की कापूस वेचणी चालू होती? सोमवारची तुलना सोमवारशी आणि वेचणीच्या आठवड्याची वेचणीच्याच आठवड्याशी करायला सांगा. हे करताना २०२० चे वर्ष वेगळे काढावे लागेल. तेव्हा शाळा आणि जत्रा बंद होत्या त्या साथीमुळे, हवेमुळे नव्हे.

दोन गोष्टी सोबत घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे सूत्र फळ्यावर लिहून पाठ होते. हजेरीपटावरून ते मुलांच्या अंगवळणी पडते, आणि गैरहजर मुलांमागची घरची अडचणही त्यातून दिसू लागते.