चित्र, अक्षर आणि बालवाडी : मराठीतील आरंभिक वाचनाचा एक इतिहास

मराठीत कोणत्याही कामाच्या आरंभाला आजही 'श्रीगणेशा' किंवा 'ओनामा' म्हणतात. हे दोन्ही शब्द धूळपाटीवरून आले आहेत. पंतोजींच्या शाळेत मूल पहिल्या दिवशी 'श्रीगणेशाय नमः' किंवा 'ॐ नमः सिद्धम्' ही अक्षरे बोटाने गिरवीत असे. गिरवणे आधी, घोकणे त्याच्याबरोबर आणि वाचणे सर्वांत शेवटी, असा तो क्रम होता. व्यवहाराची लिपी मोडी असल्यामुळे देवनागरीला मराठीत 'बाळबोध' हे नाव पडले. मुलाला बोध होईल अशी लिपी, असा त्याचा सरळ अर्थ. मुलाला बोध होतो तो नेमका कशाचा, अक्षराच्या आकाराचा की शब्दाच्या अर्थाचा, हा प्रश्न मात्र त्या नावाने सोडवला नाही. बालवाडीतील वाचनाचा मराठी इतिहास पुढे या प्रश्नाभोवतीच फिरत राहिला, आणि त्या इतिहासात चित्राचे स्थान वेळोवेळी बदलत गेले.

युरोपात चित्र आणि शब्द यांची शैक्षणिक जोडी कोमेनियसच्या 'ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस' या १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे छापल्या गेलेल्या लॅटिन-जर्मन ग्रंथापासून सांगण्याची प्रथा आहे. त्या ग्रंथात चित्रातील प्रत्येक वस्तूला क्रमांक दिलेला असून तोच क्रमांक मजकुरातील शब्दाला जोडलेला आहे. वस्तू, चित्र आणि दोन भाषांतील शब्द असा हा त्रिकोण होता. मराठीत छापील शालेय पुस्तकांची परंपरा मुंबईत १८२२ मध्ये स्थापन झालेल्या हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळीपासून सुरू होते. तथापि सामान्य घरात चित्र पोहोचवले ते सरकारी क्रमिक पुस्तकापेक्षा बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या अंकलिपीने. वाङ्मयेतिहासकारांनी या पुस्तिकेकडे जवळजवळ पाहिलेलेच नाही, ही गोष्ट खेदाची आहे. कारण मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी आयुष्यात प्रथम पाहिलेला छापील ग्रंथ तोच होता.

अंकलिपीतील चित्र स्वतःसाठी नसते, ते अक्षराची चाकरी करते. 'क कमळाचा' म्हणताना कमळाविषयी काही सांगायचे नसते. कमळ या शब्दाचा पहिला ध्वनी उचलायचा आणि उरलेला शब्द टाकून द्यायचा. ही कल्पना लॅटिन लिपीच्या प्राथमिक पुस्तकांतून आलेली असली तरी मराठीत तिला लवकरच अडचणी आल्या. ण आणि ळ यांनी सुरू होणारा शब्द मराठीत नाही. म्हणून 'ण बाणाचा' आणि 'ळ बाळाचा' असे शब्दाच्या शेवटाला धरावे लागले. म्हणजे चित्र पाहून पहिला ध्वनी ओळखायचा हा नियम मुलाला शिकवता शिकवता पुस्तिकेलाच मोडावा लागला. दुसरी अडचण सांस्कृतिक होती. 'ऋ ऋषीचा', 'य यज्ञाचा', 'भ भटजीचा', 'क्ष क्षत्रियाचा' ही चित्रे ज्या घरातून आली, ते घर सर्व मुलांचे नव्हते. ज्याच्या अंगणात यज्ञ कधी झाला नाही, त्या मुलाला चित्रातला धूर पाहून 'य' आठवावा ही अपेक्षा जादा होती. त्या मुलापुढे मग एकच मार्ग उरे : चित्रासकट सगळे पाठ करणे.

याखेरीज एक अडचण तुलनात्मक अभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटेल. मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी यांची लिपी एकच. रायपूर-बिलासपूर मार्गावरील सिलतरा या औद्योगिक परिसराचे उदाहरण कल्पनेत घेतले, तर तेथील बालवाडीत वांग्याचे चित्र ठेवताच मराठी मूल 'वांगं', हिंदी मूल 'बैंगन' आणि छत्तीसगढी मूल 'भाँटा' म्हणेल. टोमॅटोला छत्तीसगढीत 'पताल' म्हणतात. तेव्हा तेच लाल फळ एकासाठी 'ट'चे आणि दुसऱ्यासाठी 'प'चे ठरते. शिवाय हिंदी वर्णमालेत ळ नाही. रायपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबातील मुलाला आपल्या घरातल्या 'बाळ', 'डाळ', 'केळं' या शब्दांचे अक्षर शाळेच्या पुस्तकात सापडत नाही. चित्र ही सर्वांना कळणारी भाषा आहे असे सहज म्हटले जाते. अक्षराला बांधलेले चित्र तरी तसे नाही. ते एकाच भाषेत, किंबहुना त्या भाषेतील एकाच बोलीत, अर्थपूर्ण असते.

अक्षरक्रमाचा प्रश्न याहून खोल आहे. वर्णमालेचा क्रम ध्वनिशास्त्रीय आहे, आणि तो प्रौढाच्या बुद्धीला जितका सुंदर वाटतो तितका चार वर्षांच्या मुलाला उपयोगी नाही. म्हणून मराठी शिक्षकांनी 'ग म भ न' असा वळणाच्या साम्यावर आधारलेला दुसरा क्रम रूढ केला. पण दोन्ही क्रमांत काना-मात्रा-वेलांटी मागे ठेवली गेली. आधी सर्व व्यंजने, मग बिनकानामात्र्याचे शब्द, मग बाराखडी, मग जोडाक्षरे. परिणाम असा झाला, की मुलाच्या तोंडी दिवसभर असणारे 'दे', 'ये', 'मी', 'पाणी', 'भाकरी' हे शब्द वाचनाच्या पहिल्या कित्येक महिन्यांत पुस्तकात येऊच शकत नव्हते. त्यांच्या जागी कोणत्याही आईने घरात कधी न उच्चारलेली, निव्वळ अकारान्त अक्षरांची वाक्ये आली. वाचन म्हणजे अर्थाशी संबंध नसलेला आवाज काढणे, ही समजूत मुलाच्या मनात इथे रुजते. ती पुढे काढून टाकणे फार अवघड जाते.

या समजुतीला मराठीत पहिला संघटित विरोध झाला तो बालशिक्षणाच्या चळवळीतून. माँटेसरीने १९०७ मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहाचा विचार भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी १९२० पासून रुजवला होता. ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, 'शिक्षणपत्रिका' निघाली, आणि ताराबाईंनी पुढे दादरला शिशुविहार चालवला. माँटेसरीपद्धतीत खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवणे असते, आणि लेखन वाचनाच्या आधी येते. धूळपाटीची आठवण व्हावी असे हे साम्य आहे; फरक इतकाच की तेथे मुलाने हे केव्हा करायचे ते मूल ठरवते. गिजुभाईंनी या पद्धतीत गोष्टीला जी जागा दिली, ती मूळ माँटेसरीविचारात नव्हती. भारतीय बालवाडीत गोष्ट आधी आणि अक्षर नंतर, हा क्रम गिजुभाईंमुळे शक्य झाला असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि दादरच्या शिशुविहारात जे सिद्ध झाले ते बोर्डीत उपयोगी पडेलच असे नव्हते. १९४५ मध्ये ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. इथली मुले वारली होती. ती बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या पाड्यावरील अंगणात गेली. 'अंगणवाडी' या शब्दाचा उगम हा. १९७५ मध्ये केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तो मराठी शब्द देशभर पोहोचला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागडी साधने परवडणारी नव्हती; बिया, पाने, शिंपले, खडे हीच साधने झाली. या निवडीकडे केवळ काटकसर म्हणून पाहणे अपुरे आहे. ज्या मुलाने आगगाडी पाहिलेली नाही त्याच्यापुढे 'आ'साठी आगगाडीचे चित्र ठेवण्याऐवजी त्याच्या हातात त्याने स्वतः वेचून आणलेली बी ठेवली, की तिच्याविषयी तो बोलू लागतो. आणि बोलणे हे वाचनाचे पहिले पाऊल आहे, हे कोसबाडने कृतीने दाखवले.

एक मात्र नोंदवले पाहिजे. ज्या वारली मुलांना छापील चित्र परके होते, त्यांच्या घराच्या भिंतीवर चित्र होतेच. लग्नात सवाशिणी काढतात तो चौक, त्याभोवतीची माणसे, झाडे, नाच हे सर्व एकाच पृष्ठावर एकाच वेळी घडत असते. तेथे पाहणाऱ्याची नजर कोठूनही सुरू होऊ शकते. अंकलिपीतील एकाकी, चौकटीत बसवलेले कमळ आणि ही गजबजलेली भिंत यांत दृश्यवाचनाच्या दोन भिन्न सवयी आहेत. शालेय पुस्तकांनी या दुसऱ्या सवयीचा उपयोग करून घेण्यास फार उशीर लावला.

दुसरे वळण फलटणचे. भाषावैज्ञानिक मॅक्सीन बर्नसन १९६६ पासून तेथे राहू लागल्या आणि १९७८ मध्ये त्या भारतीय नागरिक झाल्या. शाळेत जाऊनही वाचू न शकणाऱ्या दलित वस्तीतील मुलांबरोबर त्यांचे काम सुरू झाले. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभे राहिले. त्यांची मांडणी मूलतः लिपीविषयी होती. वर्णमाला संपेपर्यंत थांबण्याऐवजी थोडी व्यंजने आणि थोड्या स्वरखुणा एकत्रच घ्याव्यात, म्हणजे पहिल्या टप्प्यावरच मुलाला ओळखीचे, अर्थपूर्ण शब्द वाचता येतात. त्याच्या जोडीला मोठ्याने वाचून दाखवणे, पुस्तके हाताळू देणे आणि मुलाला स्वतःचे लिहू देणे. अक्षर आणि अर्थ यांची पारंपरिक फारकत येथे पद्धतीच्या पातळीवर मिटवली गेली. कोसबाडने मुलाला बोलते केले. फलटणने त्या बोलण्यातील शब्द लवकरात लवकर त्याच्या डोळ्यांपुढे आणले.

परंतु पद्धतीला पुस्तक लागते, आणि मराठीत बालवाडीच्या वयाचे पुस्तक दीर्घकाळ अपवादानेच होते. १९५७ मध्ये दिल्लीत चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट आणि पुढे नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला यांनी रंगीत पुस्तके भारतीय भाषांत आणली. त्यांतील चित्रे देखणी असली तरी पुष्कळदा मजकूर मुलाच्या वाचनक्षमतेपलीकडचा असे. मराठीतील निर्णायक बदल माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांनी घडवला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेली आणि मराठी गद्यावर पकड असलेली व्यक्ती शब्द आणि चित्र दोन्ही स्वतः करते, हा योग दुर्मीळ आहे. 'राधाचं घर' या संचात घरातील एकेक माणूस हा एकेका पुस्तकाचा विषय आहे, आणि वाक्ये मूल जसे बोलते तशी आहेत. 'चित्रवाचन'मध्ये तर माणसांनी आणि कामांनी भरलेले दृश्यच वाचायचे असते. 'वाचन' हा शब्द येथे लिपीच्या आधी नेऊन ठेवला आहे. २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आणि २०१६ चा पहिला 'बिग लिटल बुक' पुरस्कार त्यांना मिळाला.

या पुस्तकांतील घर मुख्यतः शहरी मध्यमवर्गीय आहे, ही टीका अगदी निराधार नाही. पण तिच्यात एक गोष्ट सुटते. चौकटीतील यज्ञाला मुलाने फक्त 'य' म्हणायचे असते. राधाच्या आजीकडे पाहून मात्र ते 'माझी आजी अशी नाही' असे म्हणू शकते, आणि त्या वाक्यासाठी पुस्तकात जागा असते. परके घर आणि परके अक्षर यांतला हा भेद बालसाहित्याच्या समीक्षेने अधिक गंभीरपणे घ्यायला हवा.

वर्गातील वास्तव मात्र या पुस्तकांच्या मागे राहिले. २०११ नंतरच्या काही वर्षांत पालघरमधील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे आरंभिक साक्षरतेचा जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात भर अक्षरांवर असूनही मुलांची अक्षरांवरील पकड संथपणे येत असल्याचे आणि अर्थग्रहणाकडे दुर्लक्ष होत असल्याचे आढळले. एनसीईआरटीने २००८ मध्ये 'बरखा' ही चाळीस लहान गोष्टींची हिंदी माला काढली. २०२१ च्या 'निपुण भारत' अभियानाने मूलभूत साक्षरतेला राष्ट्रीय उद्दिष्ट केले. या दोहोंच्या आधी, २००४ मध्ये सुरू झालेल्या प्रथम बुक्सने वेगळाच मार्ग धरला : चित्र एकच, मजकूर अनेक भाषांत. २०१५ पासून त्यांच्या 'स्टोरीवीव्हर'वर ही पुस्तके कोणालाही अनुवादित करता येतात. अनुवादविचाराच्या दृष्टीने हा प्रकार चमत्कारिक आहे. येथे चित्र अचल असते आणि अनुवादकाला त्याच्याशी इमान राखावे लागते. पण चित्रातला टोमॅटो आता कोणत्याही अक्षराला बांधलेला नसतो. छत्तीसगढी पाठात तो निर्धास्तपणे 'पताल' होऊ शकतो.

वारली भिंतीनेही अखेर पुस्तकात प्रवेश केला. २००९ मध्ये चेन्नईच्या तारा बुक्सने गीता वूल्फ यांचे 'डू!' हे पुस्तक काढले. चित्रे रमेश हेंगाडी, शांताराम धाडपे आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. अंकलिपीत सारी नामे असतात : कमळ, बाण, रथ. 'डू!'मध्ये सारी क्रियापदे आहेत, आणि प्रत्येक क्रियापदाभोवती गावातील कितीतरी माणसे ते काम करताना दिसतात. ते प्रथम निघाले ते इंग्रजीत.