वज्रेश्वरीची कुंडं

वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला, असं सांगतात. १७३९मध्ये किल्ला पडला, देवीचं देऊळ उभं राहिलं. इतिहास लिहिणारे बहुधा इथेच थांबतात. आमच्या आजीला वसईशी काही कर्तव्य नव्हतं. तिची ओढ तानसा नदीकाठच्या अकलोलीच्या गरम कुंडांकडे. एसटीतून उतरलेल्या, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांमध्ये आधी दर्शन की आधी आंघोळ, यावर वाद ठरलेला. देवळाला ५२ पायऱ्या. आजी म्हणे, "आधी गुडघे, मग देवी!"

पाण्याला गंधकाचा वास. आजी लुगडं खोचून आधी पावलं बुडवी, मग पोटऱ्या. चटका सोसला की हळूहळू कमरेपर्यंत. मग तळव्याने गुडघ्याची वाटी चोळत राही. गुण कशाचा? बायका गंधकाला श्रेय देत. मी उबेला आणि पाण्याला देईन. उबेने आखडलेले स्नायू सैलावतात, आणि बेंबीपर्यंत पाण्यात उभं राहिलं की गुडघ्यांवरचा भार जवळपास निम्मा होतो. झिजलेली कूर्चा मात्र परत येत नाही. घरी आल्यावर चार दिवसांत कळा पुन्हा सुरू होत, आणि आजी एसटीच्या वेळा विचारू लागे.