समरुंद अक्षरे आणि नागरीची शिरोरेखा

ज्या मुद्राक्षरांत प्रत्येक अक्षरास सारखीच रुंदी मिळते, दंड एकाच जाडीचे, टोके वाटोळी व वळणे कंपासाने काढल्यासारखी असतात, ती पाहताच आजच्या वाचकास संगणक आणि अंतराळयान आठवते. परंतु भविष्यकालीन वाटणाऱ्या ह्या अक्षरांतील समरुंदीचे तत्त्व जुन्या टंकलेखन-यंत्राचे आहे. कळ दाबली की गाडा नेमके एक घर सरकावयाचा. मग रोमन ‘आय’ असो वा ‘एम्’.

रोमन लिपीने हे बंधन सहज सोसले. नागरीचा मात्र यंत्राशी तंटा पुरातन आहे. आमचे सिल्वासा ज्या पोर्तुगीज सत्तेखालून २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाले, तिच्याच अमलात गोव्यातील राचोल येथे १६१६ साली फादर स्टीफन्स ह्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. तेही रोमन अक्षरांत! नागरीचे साचे सहाशेंच्या वर जातात, ते दोनशेंवर आणता येतील, असे त्यांनी १६०८ च्या पत्रात कळविले होते.

टंकलेखन-यंत्राने तर ही संख्या शंभराच्याही आत आणली. त्यासाठी ख, घ, थ, ध, भ, ण, श, ष ही अक्षरे दुभंगावी लागली: आधी अर्धे अक्षर, मग काना. उकार व रफार ह्यांच्या कळांनी गाडा हलूच नये, अशी योजना झाली. यंत्राची सोय हाच हेतू धरून लिपी बदलण्याचेही प्रयत्न झाले. सावरकरांची ‘अ’ची बाराखडी ‘किर्लोस्कर’ मासिकाने बरीच वर्षे चालविली. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व इकाराची जागाच बदलण्याचे ठरविले, आणि तो निर्णय पुढे मागे घ्यावा लागला. तो मागे घेतला गेला हे बरेच झाले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

समरुंदीची खरी अडचण आमच्या गावातील पाट्यांवर दिसते. येथे गुजराती आणि नागरी शेजारी शेजारी नांदतात. गुजरातीला शिरोरेखा नाही. तिचे अक्षर आपल्या घरात सुटे बसते, बाजूस जागा राहिली तरी डोळ्यांस खुपत नाही. नागरीत मात्र ‘र’ला पूर्ण घर दिले की त्याच्यावर रिकामी शिरोरेषा लांबवावी लागते, आणि ‘क्ष’ त्याच घरात कोंबावा लागतो. शिवाय नागरीची वळणे तिरक्या कापलेल्या बोरूची. जाड-बारीक हा तिचा स्वभाव. कंपासाची एकजिनसी रेघ पाटीच्या चार अक्षरांना शोभेल, पण बालवाचनमालेस ती देऊ नये.

रा. कृ. जोशी ह्यांच्या संगणकावरील ‘मंगल’ अक्षरांत नागरीच्या प्रत्येक अक्षरास आपापली रुंदी आहे. आज्ञावली लिहिणारे मात्र ओळीखाली ओळ अचूक जुळावी म्हणून अद्यापि समरुंद अक्षरेच वापरतात. त्यांच्या चौकटीत ‘स्त्री’ हा शब्द आला, की त्याला किती घरे द्यावीत ह्याचा हिशेब अजूनही चुकतो आणि पुढचा सारा स्तंभ ढळतो.